बगळ्यापुढे उलटं चालताना

तपासनीसाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र गेल्या वर्षी आलं, मिरवणुकीच्या बरंच आधी, म्हणजे उत्तराला वेळ भरपूर होता. ते मी टेबलाच्या खणात शब्दकोशाखाली ठेवलं. शब्दकोश मी रोज काढतो, त्यामुळे पत्र रोज दिसायचं. दुसरीकडे कुठे ठेवलं असतं तर कदाचित विसरलोही असतो.

तपासनीस म्हणजे छापखान्यातला माझा जोडीदार. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही अख्खी नोकरी काढली. लेखकाच्या हातची प्रत मी मोठ्याने वाचायची आणि त्याने समोरच्या प्रुफावर चुका टिपायच्या, असं ते काम. नुसते शब्द वाचून भागत नसे, खुणाही वाचायच्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. वाचताना अर्थात शिरायचं नाही, नाहीतर मन चुकलेला शब्द आपोआप सुधारून घेतं. म्हणून त्याने माझं नाव पोपट ठेवलं. पुढे सगळा छापखाना मला पोपट म्हणू लागला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पोपटाकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही.

नोकरी संपल्यावर त्याची नजर गेली. आधी बारीक अक्षर गेलं, मग मोठं, मग माणसं. तो समुद्राकाठच्या एका गावात मुलीकडे राहायला गेला. पत्र त्याने मुलीला सांगून लिहवून घेतलं होतं आणि सांगताना जुनी सवय काही सुटली नव्हती. मुलीने बिचारीने ऐकलं तसं उतरवलं होतं. "प्रिय पोपट स्वल्पविराम इथे दरवर्षी समुद्रावर सोंगांची मिरवणूक निघते पूर्णविराम आमच्या गल्लीचा बगळा असतो स्वल्पविराम दोन माणसांएवढा उंच पूर्णविराम" असं पान भरून. मी एकटाच बसून हसलो. मग पुढे वाचलं आणि हसू थांबलं.

बगळा एकाच माणसाने खांद्यावर घेऊन चालायचा असतो, असं त्याने कळवलं होतं. आत शिरलं की चहूबाजूंनी कापड, दिसतात ती फक्त स्वतःची पावलं. म्हणून एक जण बाहेरून वाट सांगत चालतो. "आत सगळेच आंधळे स्वल्पविराम म्हणजे या एका कामात मी कोणापेक्षा कमी नाही पूर्णविराम मला फक्त ओळखीचा आवाज हवा पूर्णविराम येशील का प्रश्नचिन्ह"

मी लगेच "येतो" असं लिहिलं. लिहून झाल्यावर वाटलं, माझ्या आवाजाने तो पडला तर? भाजीवाल्याला दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ आली तर मी रिकाम्या पिशवीने घरी येतो. मग "जमणार नाही" असं दुसरं पत्र लिहिलं, पण ते त्याची मुलगी त्याला वाचून दाखवणार, हे डोळ्यांसमोर आलं. दोन्ही पत्रं खणात गेली. मिरवणूक होऊन गेली. त्यानंतर काय लिहायचं हेच कळेना, आणि जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं.

यंदा जावयांनी सगळ्यांना गाडीने फिरायला न्यायचं ठरवलं. आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि नात. जावईबापूंचं नियोजन असं असतं की चहाला कुठे थांबायचं तेही आधी ठरलेलं. तळं, धबधबा, परत तळं. जेवताना ते मार्ग समजावून सांगत होते आणि मी अचानक म्हणालो, "समुद्राकडून जाता येईल का?"

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. प्रवासाबद्दल मी आजवर एकच गोष्ट विचारत आलो आहे: पुस्तकं किती घ्यायची.

"वाट वाकडी होईल बाबा," जावई म्हणाले. "तिथे आहे काय पण?"

"मिरवणूक असते. सोंगांची."

"तुम्हाला गर्दी चालत नाही," मुलगी म्हणाली.

"गर्दी?" बायको म्हणाली. "स्वतःच्या वरातीत हे मागे चालत होते. माझ्या मामांनी धरून पुढे आणले."

नात हसली. मीही हसलो, पण म्हणालो, "मला जायचं आहे." दुसऱ्यांदा म्हणालो. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि एक तळं पुसून टाकलं. भला माणूस.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावात उतरलो. लॉजची खोली लहान, चादरी जरा दमट, खिडकीच्या गजांना मिठाचा चिकटपणा. खाली रस्त्यावर आडव्या तारा बांधून त्यांत रंगीत दिवे लावत होते. एक माणूस उंच काठ्या पायांना बांधून, दुकानाच्या पाटीला धरून चालायचा सराव करत होता. बायको केस विंचरत होती. मी तिला म्हणालो, "इथे माझा एक..."

"तपासनीस राहतो," ती म्हणाली. "माहीत आहे. तुमचा खण कोण आवरतं?"

"तू वाचलंस?"

"पत्रं तीन होती. एक त्याचं, दोन तुमची. तुमची दोन्ही वाचली. पहिलं चांगलं होतं."

तिने कंगवा ठेवला. पायांत चपला घातल्या आणि दार उघडून उभी राहिली. म्हणजे निघायचं होतं.

मुलगी, जावई आणि नात समुद्र पाहायला गेले, आम्ही दोघं पत्ता विचारत निघालो. तपासनीसाच्या मुलीचं ताडपत्री शिवण्याचं दुकान होतं. ट्रकवर टाकायच्या, होड्यांवर टाकायच्या, दुकानांपुढच्या. आत रबराचा आणि नव्या कापडाचा वास. जमिनीत रोवलेलं जाड सुईचं मशीन, भिंतीला टेकवलेले बांबूचे तुकडे, पितळी कड्यांचा डबा. दुकानाच्या अर्ध्या भागात बगळा पडला होता. पांढऱ्या कापडाचं अंग, आतून बांबू आणि वेत, आणि लांब मान, तिला आतून ओढायची दोरी. मुलगी मशीनवर मानेची शिवण मारत होती. तो शेजारी स्टुलावर बसून शिवलेला भाग बोटांनी चाचपत होता. प्रूफ वाचताना ओळीखालून बोट फिरवायचा ना, अगदी तसंच.

तो म्हातारा झाला होता. मीही झालोच असणार, पण ते त्याला दिसत नव्हतं, आणि याचं मला क्षणभर बरं वाटलं.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलगी मशीन थांबवून पाहू लागली. बायकोने मला कोपराने ढोसलं. माझ्यासमोर भिंतीवर मिरवणुकीची सूचना चिकटवलेली होती. दुसरं काहीच सुचलं नाही, म्हणून मी ती वाचायला लागलो.

"सूचना पूर्णविराम नवा परिच्छेद उंच सोंग घेऊन चालणाऱ्या प्रत्येकासोबत वाट दाखवणारा असावा पूर्णविराम तसा नसल्यास सोंग ट्रकवर ठेवण्यात येईल पूर्णविराम"

त्याचं बोट शिवणीवर थांबलं.

"पोपट," तो म्हणाला.

मग तो उठला. मी पुढे झालो आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर न पडता कानावर पडला. त्याने तो तसाच ठेवला. "अजून तसाच वाचतोस. जसं काही कोणीतरी तुझ्या पगारातून कापून घेणार आहे."

मुलीने आम्हाला चहा दिला आणि गेल्या वर्षाची हकिगत सांगितली. मी आलो नाही, म्हणून तीच वाट सांगत चालली होती.

"काका, मी ओरडत होते हो. घसा बसला माझा. पण मागे बँड, त्यात ताशे. बाबांना काही ऐकूच जाईना. दिव्यांच्या तारेत मान अडकली आणि मोडली. बाबा भर रस्त्यात खाली बसले. बगळ्यासकट."

"अंडं घातलं म्हणत होते लोक," तपासनीस म्हणाला. "कितीतरी दिवस. दूधवाला विचारायचा, उबवलं का."

तो हसत सांगत होता, पण त्याचा हात गुडघ्यावर गेला होता. यंदा मिरवणुकीच्या व्यवस्थापकाने साफ सांगितलं होतं की बगळा ट्रकवर ठेवायचा, आणि तपासनीसाने हवं तर ट्रकवर शेजारी बसावं.

"ट्रकवर ठेवला की तो बगळा राहत नाही," तो म्हणाला. "सामान होतो. आणि शेजारी मी. तेही सामानच." मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाला, "उत्तर आलं नाही तुझं."

"नाही."

"आता सांग."

"माझा आवाज लहान आहे. मला वाटतं की कदाचित, म्हणजे तुला जर..."

"हे कोणत्या लेखकाचं वाचतोयस? येतोस की नाही?"

मशीनजवळ एक पांढऱ्या धाग्याचं रीळ पडलं होतं. मी ते उचलून जागेवर ठेवलं. मागे बायको उभी आहे हे मला माहीत होतं आणि ती काही बोलणार नाही हेही.

"येतो," मी म्हणालो.

दुपारभर आम्ही खुणांची बोली ठरवली. नवं काही शिकायचं नव्हतंच. स्वल्पविराम म्हणजे जरा दम घे. पूर्णविराम म्हणजे थांब. नवा परिच्छेद म्हणजे वळण, आणि कोणत्या बाजूला ते मी सांगायचं. आडवी तार आली की "अवतरण सुरू", त्याने दोरी ओढून मान खाली घ्यायची. तार गेली की "अवतरण बंद".

"आणि प्रश्नचिन्ह?" मी विचारलं.

"ते वापरायचं नाही," तो म्हणाला. "तुला खात्री नसेल तर पूर्णविराम दे. मी उभा राहीन. पण आत मला प्रश्न विचारू नकोस."

ऊन उतरल्यावर सगळी सोंगं समुद्राच्या रस्त्याच्या तोंडाशी गोळा झाली. पुठ्ठ्याची होडी, चाकांवरचा मासा, रंग फासलेल्या मुलींचा नाच, काठ्यांवरची माणसं, आणि आमच्या अगदी मागे बँड. आमचं कुटुंब फुटपाथवर खुर्च्या धरून बसलं होतं. खुर्च्या जावयांनी दुपारीच अडवून ठेवल्या होत्या. मला बगळ्याशेजारी उभं असलेलं पाहून नात खुर्चीवर चढली.

"आई, आजोबा मिरवणुकीत आहेत."

"काहीतरीच काय," मुलगी म्हणाली, आणि मग तिने पाहिलं.

व्यवस्थापक शिट्टी गळ्यात घालून फिरत होता. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, बंद गळ्याचा स्वेटर, शाळेत घालावेत तसे बूट.

"तुम्ही वाट दाखवणार? आजोबा, तुमचं तुम्हाला नीट चालता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो. तो "काय?" म्हणाला, म्हणजे त्याला ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा म्हणालो.

"बघा बुवा. ट्रक मागेच आहे. एकदा जरी झोकांडी गेली तरी बगळा ट्रकवर. आणि ओरडा जरा. असं तोंडातल्या तोंडात चालायचं नाही."

तपासनीस आत शिरला. त्याच्या मुलीने पट्टे खांद्यांवर आवळले आणि बगळा उभा राहिला. वाऱ्याने त्याचं अंग शिडासारखं फुगलं. शिट्टी झाली, मागे ताशे कडाडले आणि आम्ही निघालो.

पहिली काही पावलं अगदी वाईट गेली. मी बाजूने चालत होतो आणि ओरडत होतो. व्यवस्थापकाने तसंच सांगितलं होतं, आणि कोणी ठामपणे सांगितलं की ते बरोबर असणार असं मी धरून चालतो. पण मी ओरडलो की आवाज फाटतो, चिरका होतो, आणि चिरकं तर त्या बँडमध्ये सगळंच होतं. पहिली तार आली. मी "अवतरण" म्हणून किंचाळलो. बगळ्याने मान खाली घेतली नाही. चोच तारेला घासली, दिवे हलले, लोक "अरे अरे" म्हणाले. बगळा एका बाजूला कलला आणि कसाबसा सावरला. शिट्टी वाजली. ट्रकवरच्या माणसाने फळी खाली सोडली.

"पोपट," कापडाआडून आवाज आला, "कुठे आहेस? मला तू ऐकूच येत नाहीस."

घाबरल्यावर माझं डोकं बंद पडतं. त्या वेळीही पडलंच होतं. पण हातांना आणि कानांना जे ठाऊक असतं ते डोक्याला विचारत नाही. आमचं टेबल छपाईच्या यंत्रांना लागूनच होतं. दिवसभर खडखडाट. तिथे ओरडून वाचणारा दुपारपर्यंत टिकत नाही. आवाज खाली ठेवायचा, सपाट ठेवायचा, आणि खडखडाटाच्या खालून समोरच्याकडे सरकवत न्यायचा. मध्ये थांबायचं नाही, म्हणजे त्याच्या कानाला धागा सुटत नाही. आणि बसायचं समोरासमोर.

समोरासमोर.

मी बगळ्याच्या पुढे गेलो, रस्त्याकडे पाठ केली आणि छातीच्या कापडाजवळ तोंड नेलं. "आलो," मी म्हणालो. नेहमीच्या आवाजात. "समोर आहे पूर्णविराम सरळ रस्ता आहे स्वल्पविराम चल पूर्णविराम"

"पूर्णविराम म्हणजे थांबू की चालू?"

"चल. पूर्णविराम फक्त थांबायला. चुकलं माझं."

"पुढे वाच," तो म्हणाला, आणि बगळ्याचं पाऊल पडलं.

आता अडचण एवढीच होती की तो आंधळा आणि मी उलटा. मला पुढचं काही दिसत नव्हतं. मी दोन पावलं मागे टाकली आणि टाच खड्ड्यात गेली. तेवढ्यात कोणीतरी मागून माझा स्वेटर मुठीत धरला.

"चला तुम्ही," बायको म्हणाली. "मी आहे मागे. बाजारात नेते तशीच नेते. डावीकडे खड्डा आहे."

"डावीकडे माझ्या की त्याच्या?"

"तुमच्या. त्याचं तुम्ही बघा."

असे आम्ही चाललो. ती सांगायची "तार आली", मी म्हणायचो "अवतरण सुरू", आणि बगळ्याची मान लवायची. तारेखालून जाताना ती लवलेली मान अशी दिसायची की जणू तो लोकांना नमस्कारच करतो आहे. लोक टाळ्या वाजवू लागले. तार मागे गेली की "अवतरण बंद", आणि मान पुन्हा उभी. ट्रकवरच्या माणसाने फळी वर घेतली की नाही ते पाहायला मला सवड नव्हती.

फुटपाथवरून आमचे जावई आमच्याबरोबर पळत होते. अडवलेल्या खुर्च्या सोडून. त्यांनी पुढे जाऊन छत्री उघडली होती, आणि दिव्यांची तार जवळ आली की ती उंच धरायचे, म्हणजे बायकोला लांबून दिसावी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी नातीचा हात धरून चालली होती आणि माझ्याकडे असं बघत होती की जणू मी कोणी ओळखीचा पण भलत्याच गावी भेटलेला माणूस आहे.

"बाबा, पाणी हवं का?" तिने विचारलं.

"पूर्णविराम नको," मी म्हणालो, आणि बगळा थांबला. मागचा बँड थांबला, बँडच्या मागचा मासा थांबला. "चल चल, तुला नाही म्हटलं." बगळा पुन्हा चालू लागला. यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

लांब सरळ रस्ता आला. तिथे ना तार ना खड्डा. सांगायला काही नव्हतं, म्हणून मी गप्प झालो, आणि लगेच बगळ्याचं पाऊल अडखळलं.

"आवाज कुठे गेला?"

"काही नाहीच सांगण्यासारखं. रस्ता मोकळा आहे."

"ते मला कसं कळणार? वाच काहीतरी. तुझा आवाज थांबला की रस्ता संपल्यासारखं वाटतं."

मग मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो. दोन्ही बाजूंच्या. उलटा चालत असल्यामुळे मला त्या मागे गेल्यावर दिसत होत्या, म्हणजे आम्ही ओलांडलेली दुकानंच मी त्याला सांगत होतो. "औषधांचे दुकान स्वल्पविराम चाव्या करून मिळतील स्वल्पविराम सायकली भाड्याने स्वल्पविराम आज रोख उद्या उधार स्वल्पविराम दात काढून मिळतील स्वल्पविराम"

"कुठे? चावीवाल्याकडेच?"

"नाही, सायकलवाल्याच्या पुढे. निराळा आहे."

आतून हसण्याचा आवाज आला. हसताना बगळ्याची मान थरथरत होती आणि रस्त्याकडेची पोरं तिला हात लावायला उड्या मारत होती. कागदाचे रंगीत तुकडे उडत होते. एक माझ्या चष्म्यावर चिकटला. मी तो काढला नाही, कारण हात बगळ्याच्या कापडाला लावून ठेवले होते.

शेवटचं वळण समुद्राकडे होतं, आणि तिथे वारा होता. घरांची आडोशाची रांग संपली आणि तो एकदम अंगावर आला. बगळ्याचं अंग टम्म फुगलं. कापडाखाली त्याचे पाय लटपटलेले मला दिसले. बायकोने माझा स्वेटर घट्ट धरला. बाजूने शिट्टीवाला धावत आला.

"पुरे आता. इथून ट्रकवर. ऐकताय का आजोबा? वारा फार आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. बगळा पडला असता तर आधी माझ्यावर पडला असता, आणि मी बायकोवर. पण मी त्याच्याशी बोलायला वळलो असतो तर आतला धागा सुटला असता. म्हणून त्याला जे सांगायचं ते मी बगळ्यालाच वाचून दाखवलं.

"आपण चालत जाणार आहोत पूर्णविराम"

बगळा थांबला. भर वाऱ्यात पाय रोवून.

"वारा डाव्या खांद्यावर आहे स्वल्पविराम तिकडे जरा झूक स्वल्पविराम मान खाली घे आणि खालीच राहू दे स्वल्पविराम अवतरण सुरू."

मान खाली आली. वाऱ्याला धरायला आता कमी उरलं.

"नवा परिच्छेद स्वल्पविराम तुझ्या उजवीकडे स्वल्पविराम लहान पावलं स्वल्पविराम अजून स्वल्पविराम अजून स्वल्पविराम"

"पोपट," तो धापा टाकत म्हणाला, "वाक्य फार लांब झालं."

"लेखकच तसा आहे. चल."

शिट्टीवाला आमच्या बाजूने चालत राहिला. शिट्टी तोंडात होती, पण त्याने ती वाजवली नाही. वळण संपलं. टाचेखाली रस्त्याच्या जागी वाळू लागली, मऊ. बायको म्हणाली, "संपलं हो. पुढे पाणीच आहे."

"अवतरण बंद," मी म्हणालो. बगळ्याने मान वर केली. सगळी, उंच. समुद्रावर उरलेला उजेड होता आणि वाळूवर बसलेले लोक उभे राहिले. "पूर्णविराम," मी म्हणालो.

त्याच्या मुलीने आणि आमच्या जावयांनी मिळून बगळा उतरवला. तपासनीस घामाने निथळत होता. त्याने हात पुढे केला. या वेळी तो बरोबर माझ्या खांद्यावर पडला. नात त्याच्याजवळ गेली.

"तुम्हाला आत भीती वाटली का?"

"एकदाच," तो म्हणाला. "सरळ रस्त्यावर. हा गप्प झाला तेव्हा."

आम्ही वाळूत बसलो. जावयांनी सगळ्यांना चहा आणला आणि छत्री तशीच उघडी ठेवून तिच्याआड सगळ्यांना बसवलं. तपासनीसाने चहा संपवला आणि म्हणाला, "आता माझ्या पत्राचं उत्तर."

"दिलं की. आलो की मी."

"ते तोंडी झालं. छापखान्यात शंका प्रुफाच्या समासात लिहिलेली असली की उत्तरही समासात लिहूनच यायचं. तोंडी चालत नव्हतं. तूच नव्या पोरांना सांगायचास."

मी सांगायचो, हे खरं होतं.

"पोस्टाने," तो म्हणाला. "हातात आणून दिलेलं घेणार नाही. आणि नुसतं यंदाचं नको. मी 'येशील का' विचारलं होतं, 'यंदा येशील का' असं नव्हतं विचारलं."

सकाळी खोलीतल्या डगमगत्या टेबलाशी बसलो. बायको पिशव्या भरत होती. मी आधी माफीचं एक वाक्य लिहिलं. मग ते वाचून पाहिलं आणि कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला नवं लिहिलं. प्रत्येक खूण शब्दांत लिहिली, म्हणजे त्याची मुलगी वाचेल तेव्हा काही गळणार नाही.

"दाखवा," बायको म्हणाली. तिने उभ्याउभ्याच वाचलं. "एवढंच?"

"जास्त झालं का?"

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पाकीट जिभेने ओलं करून तिनेच बंद केलं.

गाडी गावाबाहेर निघताना मी जावयांना टपालपेटीशी थांबायला सांगितलं. पेटी रस्त्याच्या कोपऱ्यात होती, खाऱ्या हवेने रंग उडालेली. तिच्या मागच्याच गल्लीत ताडपत्रीचं दुकान होतं, पाटी इथूनही दिसत होती.

"बाबा, ते तर इथे राहतात," जावई म्हणाले. "दोन मिनिटांत हातात देऊन येतो मी."

"पेटीतच टाकायचं आहे."

"अहो पण ते आधी मोठ्या टपाल कचेरीत जाणार, मग परत इथेच येणार."

"जाऊ दे. परत येतंय ना."

त्यांनी आरशातून बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती.

मी उतरलो. पेटीचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं, दोन्ही हातांनी उचलावं लागलं. पाकिटात एकच ओळ होती. "प्रिय तपासनीस स्वल्पविराम पुढच्या वर्षीही येतो पूर्णविराम"

मी पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचं ऐकलं, झाकण लावलं आणि गाडीत येऊन बसलो.